गाडीतला ‘अर्थ’

वाशिम-रिसोड किंवा मंगरुळपीरच्या रस्त्याने काळीपिवळी जीपमधून फिरलेल्यांना खाली उतरून गाडीला धक्का मारण्याचा अनुभव असतोच. आम्हीही मारला आहे. ‘बॅटरी उतरली’ म्हणत चालक नव्या बॅटरीच्या पैशांची जुळवाजुळव करू लागे. जाणता मिस्त्री मात्र आधी विचारी, ‘अर्थ कुठं दिलाय?’ मग बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाला एक जाड तार जोडून देई, आणि पुष्कळदा गाडी सुरू होई.

रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीतून प्रवाह जमिनीत जात नाही. मग हा ‘अर्थ’ आला कुठून? तारायंत्राकडून. १८३८ साली जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हे न्यूरेंबर्ग-फ्युर्थ रेल्वेचे रूळच तारेसारखे वापरून पाहत होते. प्रवाह रुळांतून जमिनीत पाझरू लागला. प्रयोग फसला, पण परतीच्या तारेचं काम जमीनच करू शकते, हे त्यातून त्यांच्या ध्यानात आलं. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले की झालं. निम्मी तार वाचली.

मोटारगाडीने हीच काटकसर उचलली. जमिनीच्या जागी लोखंडी चॅसी आली, नाव मात्र तेच राहिलं. इंजिन चॅसीवर बोल्टांनी घट्ट बसवलेलं असे तोवर परतीची वाट अखंड होती. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीचं इंजिन रबरी बैठकांवर ठेवलं. (गॅरेजात यांना ‘फाउंडेशन’ म्हणतात.) गाडीची थरथर कमी झाली, पण रबर पडलं विद्युतरोधक! अशा इंजिनाला तांब्याच्या विणलेल्या पट्टीने चॅसीशी जोडावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये या पट्ट्या आणखी वाढल्या, त्या वेगळ्याच कारणाने. इंजिनातल्या ठिणग्यांमुळे बिनतारी संचात खरखर येई. म्हणून बॉनेट, इंजिन, चॅसी हे सारं पट्ट्यांनी एकमेकांना जोडत आणि अशा अमेरिकी जीपच्या क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगवत. याच विलिस जीपची जोडणी महिंद्राने १९४९ पासून मुंबईत माझगावला सुरू केली. आपल्याकडच्या कित्येक जीप तिच्याच वंशातल्या.

आता वर्गात मांडण्याजोगं गणित. बॅटरी आणि चॅसी यांच्या जोडावर गंज चढून ०.०१ ओहम रोध वाढला असं धरू. हेडलाइटचा ६० वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपियर घेतो. त्याचं नुकसान ०.०५ व्होल्ट, डोळ्यांना कळणारही नाही. स्टार्टर २०० अँपियरच्या आसपास घेतो. त्याचे २ व्होल्ट त्या जोडावरच जातात. म्हणून दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि स्टार्टर तेवढा कण्हत राहतो. इंजिनाची पट्टीच तुटली असेल तर प्रवाह चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. अशी केबल एकदा हाताला लागली की ओहमचा नियम विसरत नाही.

मिस्त्रीची जादा तार म्हणजे या रोधाला समांतर जोडलेला दुसरा, फार लहान रोध. जोड मुळात स्वच्छ असेल तर तिने काही साधत नाही. ती लावून गाडी जास्त ओढते असं सांगणारे भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं.

तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावावं, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगावं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर बॅटरी बदलण्याआधी पॉलिशपेपर आणि पाना घ्यावा.