सातारा मुलखातील देखावे आणि त्यांचा इतिहास

वाचकहो, एक काळ असा होता की फोटो काढायचा म्हणजे ठेवणीतले कपडे काढायचे, तालुक्याच्या गावी जायचे आणि रंगवलेल्या पडद्यापुढे श्वास रोखून बसायचे. आता दिवस पालटले आहेत. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे आणि पावसाळा सरता सरता सातारा जिल्ह्यातील वाटा फोटो काढणाऱ्यांनी फुलून जातात. कोणी महाबळेश्वरच्या कड्यावर उभा असतो, कोणी वाईच्या घाटावर, कोणी कासच्या पठारावर. ‘फोटोला जागा कोणती चांगली?’ हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. उत्तर देणारेही पुष्कळ भेटतात. पण ती जागा चांगली का झाली, कोणी केली आणि तिच्याकडे पाहायला आपल्याला कोणी शिकवले, हे सांगणारा क्वचितच भेटतो. तेवढेच सांगण्याचा आज विचार आहे.

महाबळेश्वरापासूनच सुरुवात करू. आपले वाडवडील डोंगरावर जात नसत असे नाही. क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्या उगम पावतात असे मानले जाते, आणि तिथल्या पंचगंगेच्या स्नानासाठी माणसे शेकडो वर्षे ही चढण चढत आली. शिवाजी महाराजांनी 1665 साली जिजाबाईंची सुवर्णतुला केली ती इथेच. पण ही मंडळी आली ती तीर्थाला, दर्शनाला. दरी पाहण्यासाठी मुद्दाम कड्यावर जाऊन उभे राहावे, हा रिवाज त्यांचा नव्हे. कडा म्हणजे जपून चालायची जागा. दरी म्हणजे उतरून पलीकडे जायची वाट.

हा रिवाज आणला इंग्रजांनी. 1824 साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी या डोंगरावर आला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1828 मध्ये येथे हवा पालटण्याचे ठाणे वसवायला घेतले. डोंगर होता साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या राज्यात. तेव्हा तो मुलूख घेऊन त्याच्या मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा गाव महाराजांना देण्यात आले. वस्तीला नाव पडले माल्कम पेठ. मग साहेब लोक आणि त्यांच्या मडमा संध्याकाळी घोड्यावरून कड्याकड्याने फिरू लागल्या. जिथून दरीचा देखावा नीट दिसे त्या जागेला नाव मिळू लागले. लॉडविकचे नाव एका कड्याला, माल्कमच्या मुलीचे, केटचे, दुसऱ्याला, आर्थर मॅलेट याचे तिसऱ्याला. आपण आज सरसकट ‘पॉइंट’ म्हणतो ते हेच. गव्हर्नर फॉकलंड याची पत्नी तर इथे चित्रे काढीत फिरे. तिने हिंदुस्थानातील आपल्या वास्तव्याचे पुस्तकही 1857 साली प्रसिद्ध केले.

आर्थर सीटवर गेलात तर एका बाजूला सावित्रीची खोल दरी आणि दुसऱ्या बाजूला जोरचे खोरे दिसते. कोकण आणि देश ही दोन्ही एकाच जागी उभे राहून पाहता येतात. केट पॉइंटवरून कृष्णेचे खोरे आणि त्यातले धरणाचे पाणी दिसते. फोटो अवश्य काढा. पण एक गोष्ट मनात असू द्या. या वस्तीत 1834 च्या सुमारास चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता आणि तो 1864 पर्यंत चालला. या कैद्यांनी इथे बटाट्याचे, भाजीपाल्याचे मळे केले, टोपल्या विणल्या. साहेबांच्या टेबलावर जी भाजी जाई तिच्यामागे समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेली ही माणसे होती. त्यांचे नाव कुठल्याही कड्याला दिलेले नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. छायाचित्रणाची विद्या 1839 साली युरोपात जाहीर झाली. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सभासदांत डॉक्टर भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. म्हणजे बघा, सत्तावनच्या उठावाच्या आधीच आपले लोक या विद्येत पडले होते.

पण ते काम सोपे नव्हते बरं का! काचेच्या तबकडीवर रसायनांचा ओला लेप द्यायचा, तो ओला आहे तोवर कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत अंधारात धुऊन काढायचे. म्हणून फोटो काढणाऱ्याबरोबर काळोखी राहुटी, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि त्या वाहणारे हमाल असा सगळा लवाजमा असे. झाकण उघडून काही सेकंद, कधी त्याहून जास्त थांबावे लागे. तेवढ्यात कोणी हलला की त्याचे भूत व्हायचे. वाहते पाणी चित्रात दुधासारखे पांढरे उमटे. म्हणूनच त्या काळची चित्रे बहुतेक देवळांची, लेण्यांची आणि कोटकिल्ल्यांची आहेत. दगड काही हलत नाही!

माणसांचे काय? मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा छायाचित्रकार होता. त्याने इथल्या लोकांची चित्रे 1860 नंतरच्या वर्षांत दोन भागांत छापली. त्यात युक्ती अशी होती की माणसे निराळी टिपायची, देखावा निराळा टिपायचा, आणि मग माणसांची चित्रे कापून देखाव्यावर बसवायची. खाली नाव लिहायचे ते माणसाचे नव्हे, जातीचे. ग्रामीण देखावा आणि त्यात राहणारा माणूस यांची फारकत अशी सुरुवातीपासूनच झाली. ती अजून पुरती मिटलेली नाही.

पसरणीचा घाट उतरून खाली वाईला या. कृष्णेच्या काठी घाटांमागून घाट, वर देवळांची शिखरे, मागे पांडवगड. पहाटे नदीवर धुके असते तेव्हाची शोभा काय सांगावी! हे वैभव आले कुठून, तर रास्ते सरदारांच्या घरातून. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही रास्त्यांची लेक. पेशवाईच्या भरभराटीच्या काळात या घराण्याने वाईला देवळे आणि घाट बांधले. ढोल्या गणपतीचे देऊळ 1762 चे, गणपतराव रास्त्यांनी बांधलेले. सगळे समोरून गणपतीचा फोटो काढतात आणि वळतात. तसे करू नका. देवळाच्या मागच्या अंगाला जा. तिथली भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती अशी बांधली आहे. नदीला पूर आला की पाणी त्या टोकावर आपटून दुभंगावे आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जावे, ही त्यामागची योजना. अडीचशेहून अधिक वर्षे देऊळ उभे आहे ते या भिंतीच्या आधाराने. माझ्या मते वाईतला सर्वांत चांगला फोटो या भिंतीचा होईल.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांना हे गाव 1768 मध्ये मिळाले. त्यांनी नदीकाठी सहा चौकांचा वाडा बांधला, चंद्रकोरीसारखा घाट बांधला, महादेव आणि विष्णू यांची देवळे उभारली. घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरत जातात आणि पाण्यात देवळाचे प्रतिबिंब पडते. 2004 सालच्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटातले चरणपूर गाव म्हणून लाखो लोकांनी हाच घाट पाहिला. उत्तर हिंदुस्थानातले गाव म्हणून मराठी घाट खपून गेला! घाटावर एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून देशावर ज्या घंटा आल्या त्यांपैकी ही एक, अशी तिची ओळख आहे. चर्चसाठी ओतलेली घंटा महादेवाच्या दारी वाजते आहे. तिचा फोटो काढताना जवळ जा आणि ते साल चित्रात येईल असे बघा.

आणि वाड्यातून जे गेले त्याचाही विचार करा. नानांनी जपलेले कागद, ज्याला मेणवली दप्तर म्हणतात, ते इतिहाससंशोधक पारसनीस यांच्या संग्रहात गेले. त्यांच्यासाठी साताऱ्यास 1925 साली वस्तुसंग्रहालय निघाले आणि 1939 मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. वाडा इथे आणि त्याची आठवण तिथे, अशी ही स्थिती. पण कागद वाचले, हे काय थोडे झाले?

साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. हल्ली तिच्या कमानीत उभे राहून फोटो काढायला तरुण मंडळींची रीघ लागते. विहीर अष्टकोनी आहे, शंभर फुटांहून अधिक खोल, आणि तिच्या पोटात चक्क एक लहानसा महाल आहे. शाहू छत्रपतींच्या काळी, 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. कशासाठी? तर आमराईला पाणी देण्यासाठी. वर मोटेची थारोळी अजून आहेत. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणजे बारा नाडे, चोवीस बैल आणि हाकणारे गडी. तो करकराट आणि पाण्याचा धबाका मनाशी आणून पाहा, म्हणजे विहिरीचे काठ इतके रुंद का आहेत ते कळेल. शोभेसाठी इथे थोडेच आहे, बरेचसे कामासाठी आहे.

आता जरा पश्चिमेला. तापोळा आणि बामणोली येथे शिवसागर जलाशयाचे निळे पाणी पसरलेले आहे. भोवती डोंगर, पाण्यात होड्या. हौशी लोक या भागाला काश्मीरची उपमा देतात. हे पाणी कोयना धरणाचे. धरण 1964 साली पूर्ण झाले, त्याच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सारा देश या खोऱ्याकडे पाहू लागला. पण त्याच्या आधीच या पाण्याखाली गावे गेली होती. जावळीच्या खोऱ्यातली घरे, भाताची खाचरे, ग्रामदैवतांची देवळे. माणसे ठाणे, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत नेऊन वसवली गेली. जिथे उतारावर नाचणी करायची त्यांना सपाट, उन्हाच्या मुलखात नवा संसार मांडावा लागला. तापोळ्याच्या काठी उभे राहून फोटो काढाल तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘बाबा, इथं खाली काय होतं?’ जे उत्तर मिळेल ते कुठल्याही फोटोत येणार नाही.

शेवटी कास. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर हे पठार आहे. जांभा खडक आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. मोठे झाड तिथे रुजत नाही, म्हणूनच तेरडा, गेंद, सोनकी, सीतेची आसवं अशी इवलीइवली फुले भाद्रपदात गालिचा अंथरतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. 2012 साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासचा समावेश आहे. बातमी पसरली आणि लोंढे लोटले. चित्र चांगले यावे म्हणून माणसे फुलांत बसू लागली, लोळू लागली. तुडवलेल्या मातीत पुढच्या वर्षी बी रुजत नाही, हे साधे गणित. अखेर प्रवेशशुल्क आणि दररोज किती जणांना सोडायचे याची मर्यादा घालावी लागली. महाबळेश्वरचा कडा बघणाऱ्यांच्या गर्दीने झिजत नाही. कासचे फूल मात्र एका पावलाने जाते. ज्या वस्तूचे चित्र हवे तीच चित्रापायी नाहीशी व्हावी, यासारखा तोटा दुसरा नाही.

तेव्हा वाचकहो, तुम्ही या मुलखात जा, मनसोक्त फोटो काढा. फक्त तीन गोष्टी सांभाळा. वाटेवरून खाली उतरू नका. घाटावर कपडे धुणारी बाई, विहिरीवरचा गडी, होडीवाला यांचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा आणि नाव विचारा. आणि घरी आल्यावर चित्राबरोबर गाव, तारीख आणि ते नाव लिहून ठेवा. जुन्या चित्रांच्या पेट्या उघडल्या की आज अभ्यासक हेच शोधत बसतात, की हा घाट कुठला, हे साल कोणते, ही माणसे कोण. पुरात पायऱ्या ढासळतील, धरणाचे पाणी वर येईल, पठारावरची फुले हटतील. तुमचे चित्र मागे राहील. त्यावर चार शब्द लिहिलेले असले तर ते उद्याच्या माणसाला उपयोगी पडेल. नाहीतर तो नुसता एक देखावा.