संदर्भ : पोलीस व गुप्तचर कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि कायद्याची बंधने

चेन्नई : भारतातील पहिली संघटित कामगार संघटना म्हणून ओळखली जाणारी ‘मद्रास लेबर युनियन’ २७ एप्रिल १९१८ रोजी याच शहरात स्थापन झाली. पेरांबूर येथील बकिंगहॅम व कर्नाटक गिरण्यांच्या कामगारांची ही संघटना असून बी. पी. वाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष होते. गिरणी कामगारांना मिळालेला हा हक्क त्यांच्या संपांच्या वेळी बंदोबस्तावर उभ्या राहणाऱ्या पोलिसांना मात्र आजही पूर्णांशाने मिळालेला नाही. गुन्ह्यांचा तपास करणारे अधिकारी व गुप्तचर कर्मचारी यांनाही हीच मर्यादा लागू आहे.

पोलिसांच्या संघटनेचा प्रश्न त्याच वर्षी ब्रिटनमध्येही ऐरणीवर आला होता. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला. १९१९ च्या कायद्याने तेथील पोलिसांना कामगार संघटनेत सामील होण्यास मनाई करण्यात आली व त्याऐवजी संपाचा अधिकार नसलेला ‘पोलीस फेडरेशन’ हा प्रातिनिधिक मंच देण्यात आला.

भारतात १९२२ मध्ये पोलिसांमध्ये अप्रीती पसरविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. पोलिसाला सेवा नाकारण्यास किंवा शिस्तभंगास प्रवृत्त करणे हा त्यान्वये गुन्हा ठरला. सरकारने मान्यता दिलेल्या पोलीस संघटनांच्या सद्हेतूने केलेल्या कृतींना मात्र या कायद्यात अपवाद होता. पोलिसांची संघटना असू शकते, पण ती सरकारच्या मान्यतेवर अवलंबून राहील, हे सूत्र तेव्हापासून कायम राहिले. कामगारांची वाट वेगळी होती. मद्रास लेबर युनियनविरुद्ध गिरणी व्यवस्थापनाने मद्रास उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळविल्यानंतर कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याची मागणी कामगार नेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडली. त्यातून १९२६ चा कामगार संघटना कायदा अस्तित्वात आला.

तपास शाखांचा इतिहासही याच काळातील आहे. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषण विभाग (सीआयडी) स्थापन करण्याची शिफारस केली आणि १९०६ मध्ये मद्रास प्रांतात हा विभाग सुरू झाला. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या पोलीस गुप्तहेरांची स्वतंत्र संघटना आहे. भारतात मात्र सीआयडीचे अधिकारी पोलीस दलाचेच घटक मानले जातात. त्यामुळे दलावरील सर्व बंधने त्यांनाही लागू होतात.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने नागरिकांना संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले. परंतु अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दले व पोलीस यांच्या बाबतीत हा हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला मिळाला. या अधिकारात १९६६ मध्ये पोलीस दले (हक्कांवरील निर्बंध) कायदा संमत झाला. पूर्वपरवानगीशिवाय कामगार संघटनेचे सदस्य होणे त्यान्वये दंडनीय असून दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

दिल्लीतील अराजपत्रित पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाला डिसेंबर १९६६ मध्ये मान्यता मिळाली होती. यशवंतराव चव्हाण केंद्रीय गृहमंत्री असताना एप्रिल १९६७ मध्ये दिल्ली पोलिसांचे आंदोलन झाले. पुढे १९७० मध्ये नियम बदलले आणि संघाची मान्यता गेली. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर १९८६ रोजी कायद्यातील निर्बंध वैध ठरविले.

दरम्यान, १९७९ मध्ये पंजाबात सुरू झालेले पोलिसांचे आंदोलन अनेक राज्यांत पसरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत धर्म वीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या पहिल्या अहवालात शिपायांचे वेतन, निवासस्थाने, कामाचे तास आणि तक्रार निवारणाची व्यवस्था यांकडे लक्ष वेधले होते. मुंबईत महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटनेची मान्यता काढून घेण्यात आल्यानंतर १८ ऑगस्ट १९८२ रोजी पोलिसांनी काम बंद केले. वरळी, नायगाव परिसरात उद्रेक झाला व शहरात लष्कराला पाचारण करावे लागले. अनेक पोलीस बडतर्फ झाले.

गुप्तचर यंत्रणांतही याच सुमारास कर्मचारी संघटना उभ्या राहिल्या होत्या. १९८४ च्या पन्नासाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३३ ची व्याप्ती गुप्तचर संस्थांपर्यंत वाढविण्यात आली. १९८५ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र निर्बंध कायदा झाला.

सर्व राज्यांत स्थिती सारखी नाही. तामिळनाडूच्या शेजारच्या केरळमध्ये पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना कार्यरत आहे. तामिळनाडूत पोलिसांचे प्रश्न प्रामुख्याने शासननियुक्त आयोगांमार्फत हाताळले गेले. राज्याचा पहिला पोलीस आयोग १९६९ मध्ये नेमण्यात आला, तर २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सी. टी. सेल्वम यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. त्याआधी २०२१ मध्ये राज्य शासनाने पोलीस शिपाई ते हवालदार या दर्जाच्या कर्मचाऱ्यांना साप्ताहिक सुटी देण्याचा आदेश काढला. इतर कामगारांनी संघटनेच्या बळावर फार पूर्वी मिळविलेली ही सवलत पोलिसांना अशा प्रकारे शासकीय आदेशाने मिळाली.