छोट्या ट्रॅक्टरला जादा दिवे : शेतात गरजेचे, रस्त्यावर घातक

वाडी, प्रतिनिधी : अमरावती मार्गावरील वाडी ही ट्रक, गोदामे आणि गॅरेजची वसाहत. ट्रकची वायरिंग करणाऱ्या कारागिराला ट्रॅक्टरवर दिवा बसविणे अवघड नाही. प्रश्न आहे तो दिवा कोठे, कसा आणि कशासाठी बसवावा याचा.

नागपूरच्या पश्चिमेकडील कळमेश्वर-काटोलच्या संत्रापट्ट्यात झाडांच्या दोन ओळींमधून फिरण्यासाठी छोटे ट्रॅक्टर सोयीचे ठरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की मशागतीची आणि फवारणीची कामे पहाटे किंवा सायंकाळनंतरच उरकावी लागतात. फवारणी मधमाश्या पोळ्यात परतल्यावर केलेली बरी, हेही त्यामागील एक कारण. मात्र मूळ हेडलाइट पुढची वाट दाखवितात; मागे फिरणारा रोटाव्हेटर अंधारातच राहतो. चालत्या रोटाव्हेटरजवळ कोणी उभे आहे की नाही, हे चालकाला दिसलेच पाहिजे.

दिवा निवडताना आधी विजेचा हिशेब मांडावा. १२ व्होल्टवर ५५ वॉटचा एक हॅलोजन दिवा सुमारे साडेचार अँपियर प्रवाह ओढतो. असे चार दिवे म्हणजे १८ अँपियरहून अधिक. लहान इंजिनाच्या अल्टरनेटरला हा भार जड जातो आणि बॅटरी उतरते. २७ वॉटचे चार एलईडी दिवे नऊ अँपियरमध्ये भागतात. आयपी ६७ दर्जाचा दिवा धुळीपासून पूर्ण सुरक्षित असतो आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. तरीही फवारणीनंतर ट्रॅक्टर धुताना पाण्याची जोरदार धार थेट त्यावर धरू नये.

जोडणीत सर्वांत मोठी चूक होते ती हेडलाइटच्या वायरला फाटा मारण्याची. ती वायर वाढीव भारासाठी नसते. तापते, वितळते आणि प्रसंगी पेट घेते. शिवाय मूळ वायरिंग कापल्यास वॉरंटीचा वाद उद्भवू शकतो. त्यासाठी स्वतंत्र रिले हवा. बॅटरीवरून येणारी वायर ३० क्रमांकाला, दिव्यांची ८७ ला. ८५ आणि ८६ वर स्विच आणि अर्थ. चार एलईडींसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १५ अँपियरचा फ्यूज पुरेसा आहे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, कारण त्याच्या अलीकडची वायर असुरक्षितच राहते. स्विचला वीज चावीतून द्यावी, म्हणजे दिवे चुकून रात्रभर जळत राहणार नाहीत. अर्थ जोडताना रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट बोल्ट आवळावा. मिणमिणणाऱ्या दिव्याचे कारण बहुधा येथेच सापडते. कामाआधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढण्यास विसरू नये.

छतावरचा दिवा मोकळ्या रानात उत्तम. पण बागेत तो फांद्यांना अडकतो आणि फवारणीच्या तुषारांवरून प्रकाश उलटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. बागेसाठी मडगार्डवर, खाली झुकलेला दिवा योग्य.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार वाहनाच्या मागील बाजूस लाल सोडून अन्य रंगाचा प्रकाश दाखविण्यास मनाई आहे. शेतात अवजाराखालची जमीन उजळविणाऱ्या ट्रॅक्टरच्या ‘प्लाऊ लाइट’ला त्यातून सूट आहे. ती शेतकामापुरतीच. पुढे स्पॉटलाइट लावण्यासही नियम १११ आडवा येतो. अपवादात्मक स्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला झगझगीत पांढऱ्या प्रकाशामुळे ट्रॉलीची रुंदी कळत नाही, समोरून वाहन येत असल्याचाही भास होतो. म्हणून शेताचा बांध ओलांडण्यापूर्वी कामाचे दिवे बंद करावेत आणि ट्रॉलीवर लाल रिफ्लेक्टर तेवढे स्वच्छ पुसलेले असावेत.