तारेचा सांधा आणि बिनतारी गायरान



माझे शालेय शिक्षण दहावीला थांबले. पुढचे युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात झाले. त्यामुळे यंत्रशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु आपण रोज हाताळतो त्या वस्तूंच्या इतिहासात मालकी, करार आणि तडजोड यांचा वाटा किती असतो, हे पाहण्याची सवय मला माझ्या कामाने लावली आहे. कॅमेऱ्यातील चित्र संगणकात कसे जाते, हा प्रश्न मी त्याच दृष्टीने मांडणार आहे.

१९९१ साली कोडॅकने व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी जो डिजिटल कॅमेरा विकावयास काढला, त्याचा चित्रे साठविणारा डबा वेगळा होता. तो खांद्याला अडकवून कॅमेऱ्याशी केबलने जोडावा लागे. त्या काळी संगणकाच्या पाठीमागे नाना आकारांच्या खोबणींची जत्राच असे. कळफलकाची गोल, प्रिंटरची २५ छिद्रांची, मोडेमची आणखी निराळी. यांपैकी आरएस-२३२ हा प्रघात १९६० सालचा, दूरमुद्रक आणि मोडेम यांच्यासाठी ठरलेला. सेकंदाला सुमारे १,१५,२०० बिट या त्याच्या नेहमीच्या कमाल वेगाने दहा लक्ष बाइटांचे एक चित्र उतरविण्यास जवळजवळ दीड मिनिट लागे. छत्तीस चित्रांना पाऊण तासाहून अधिक!

जानेवारी १९९६ मध्ये ‘यूएसबी’ या सामाईक जोडणीचा पहिला प्रघात प्रसिद्ध झाला. कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी तो सिद्ध केला होता. इंटेलच्या बाजूने ज्यांनी हे काम पुढे नेले, ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे मालक एका मेजाभोवती बसले, ते काही बंधुभावाने नव्हे. अडचण सर्वांचीच होती म्हणून. त्याच सुमारास आलेली ‘फायरवायर’ ही जोडणी वेगाने कितीतरी सरस होती. तिचे ४०० मेगाबिट, तर यूएसबीचे अवघे १२. पण तिच्यावर स्वामित्वशुल्क द्यावे लागे, यूएसबीवर नाही. चलचित्रांच्या कॅमेऱ्यांत फायरवायर काही वर्षे नांदली. सामान्य माणसाच्या मेजावर मात्र यूएसबी बसली.

आता बिनतारीकडे वळू. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे परवान्याशिवाय संदेशवहनासाठी खुले केले. त्यांतला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मायक्रोवेव्ह भट्ट्यांच्या गोंगाटामुळे कोणास फारसा नको होता. हे आपल्या गावच्या गायरानासारखेच झाले. कसदार जमिनी वाटून गेल्या, उरलेल्या माळावर सर्वांची गुरे. याच माळावर १९९७ मध्ये वाय-फायचा पहिला प्रघात आणि १९९९ मध्ये ११ मेगाबिटांचा दुसरा उभा राहिला. एरिक्सनने १९९४ मध्ये आरंभिलेल्या प्रयत्नातून ब्लूटूथही येथेच आले. भारतात २००५ च्या नियमांनी हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला.

मग तार हरली काय? इतिहास तसे सांगत नाही. १९२७ मध्ये पुण्याजवळच्या खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. ती स्वस्त असल्याने समुद्राखालच्या केबल कंपन्या हादरल्या. अखेर १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील केबल आणि बिनतारी हे दोन्ही धंदे एकाच कंपनीत आणावे लागले. कोणी कोणास संपविले नाही. आजही खंडाखंडांतील बहुतेक संदेश समुद्रतळाच्या केबलींतूनच जातात. त्यांतल्या काही मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात.

माझा अनुभव सांगतो. एका कारखान्याच्या दारावर आमची सभा होती. आमच्या एका सोबत्याने कामगारांच्या जखमी हातांची चित्रे काढली. ती त्याच दिवशी तडजोडीच्या बैठकीत ठेवावयाची होती. कॅमेरा बिनतारी होता. पण शेकडो मोबाइलांच्या त्या गर्दीत कॅमेरा आणि संगणक यांचा मेळ काही बसेना. गायरानावर गुरे अति झाली म्हणजे कोणाचेच पोट भरत नाही. शेवटी जुनी केबल सापडली आणि दोन मिनिटांत काम झाले.

याहून मोठा धोका निराळाच आहे. २००७ मध्ये ‘आय-फाय’ नावाचे कार्ड निघाले. ते घातले की जुना कॅमेराही बिनतारी होई. २०१६ मध्ये कंपनीने जुन्या कार्डांची सेवा बंद करण्याचे जाहीर केले. कार्डाची मांडणी करून देणारी सेवा कंपनीच्या हाती. त्यामुळे धडधाकट कार्डही नव्याने मांडणे कठीण झाले. आम्ही याला टाळेबंदी म्हणतो. हत्यार कारागिराच्या हातात, पण किल्ली मालकाच्या खिशात. यूएसबीची केबल मात्र कोणाची परवानगी विचारीत नाही.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल, कॅमेरे आणि इतर उपकरणांना चार्जिंगसाठी यूएसबी-सी हे एकच मुख सक्तीचे केले. जो करार पूर्वी कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी केला, त्याला लोकांच्या सोयीसाठी कायद्याचे बळ मिळाले. आपणही ग्राहक म्हणून एवढे मागू या. बिनतारी सोय जरूर असावी, पण कॅमेऱ्याला तारेचे मुख राहावे, आणि त्या मुखाचा आकार सर्वांच्या सामाईक मालकीचा असावा. ती केबल नसती, तर त्या दिवशीच्या बैठकीत आमच्या माणसांचे हात कोणी पाहिलेच नसते.