गळ्यातला फारसी शब्द

कुमाऊं-गढवालात लग्नघरी बायका ठेवणीतले दागिने घालून बसतात, तेव्हा नजर आधी गळ्याकडे जाते. तिथे असतो गुलूबंद. लाल किंवा मरून मखमलीच्या पट्टीवर सोन्याच्या चौकोनी टिकल्या ओळीने शिवलेल्या, मागे नाडीची गाठ. आपल्या चिंचपेटीसारखा तो गळ्यालगत घट्ट बसतो. नाव मात्र सरळ फारसी. 'गुलू' म्हणजे गळा, 'बंद' म्हणजे बांधायची पट्टी. उत्तरेत मफलरलाही गुलूबंदच म्हणतात. गढवाली तोंडी त्याचे 'गलोबंद' झाले. परका 'गुलू' घरच्या 'गल'कडे सरकला असावा, असे मला वाटते.

नाकातला बुलाक तर तुर्की. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात अडकवतात आणि तो वरच्या ओठावर लोंबतो. मराठीतही 'बुलाख' आहेच.

हंसुली हे गळ्यातले जाड चांदीचे कडे. नाव ऐकून हंसाची डौलदार मान डोळ्यांपुढे येते आणि तसे सांगणारेही भेटतात. पण हंसाचा इथे संबंध नाही. हिंदीत 'हंसली' म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड आणि त्याचे मूळ संस्कृत 'अंस', म्हणजे खांदा. कडे त्या हाडावर टेकते, म्हणून हाडाचेच नाव त्याला मिळाले. हातातल्या पौंचीचेही तसेच: 'पहुंचा' म्हणजे मनगट.

सर्वांत मानाची टिहरीची नथ. गाल झाकणारी ही मोठी नथ साखळीने केसांत अडकवून तोलावी लागते. ती किती तोळ्यांची, यावर घराची ऐपत जोखली जाई. 'नथ' हा शब्द संस्कृत 'नस्ता'पर्यंत, म्हणजे नाकाच्या पडद्याला पाडलेल्या भोकापर्यंत जातो. बैलाला वेसण घालण्यालाही हिंदीत 'नाथना' म्हणतात. शब्दाचे मूळ इतके जुने, म्हणून दागिनाही वेदकाळचा असे मात्र नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३८ मध्ये नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहिला. जुन्या संस्कृत ग्रंथांत आणि शिल्पांत नाकातला दागिना सापडत नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले.

तेव्हा 'अस्सल पहाडी' दागिन्यांची यादी करताना फारसी-तुर्की नावांवर काट मारणे चुकीचे आहे. ज्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घातले, त्यांचेच ते शब्द. अल्मोडा-टिहरीकडे गेलात तर सराफाकडे 'चोकर' मागू नका, गुलूबंद मागा.