दोरीपासून विजेपर्यंत

शिकारी कुत्रा म्हटला की रानडुकराच्या अंगावर तुटून पडणारे किंवा सशामागे धावणारे जनावर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु इंग्लंड-अमेरिकेत पक्ष्यांच्या शिकारीसाठी जे कुत्रे बाळगतात, त्यांची थोरवी धावण्यापेक्षा थांबण्यात आहे. गवतात दडलेल्या लाव्यांचा किंवा तितरांचा वास लागताच पॉइंटर अथवा सेटर जातीचा कुत्रा जागच्या जागी खिळल्यासारखा उभा राहतो. मालक सावकाश जवळ येतो, पक्षी भुर्रकन उडतात, बंदूक वाजते. तरी कुत्र्याने जागा सोडावयाची नसते. हा संयम त्याच्या अंगी कसा बाणविला गेला आणि त्यासाठी माणसाने दोरीपासून विजेच्या पट्ट्यापर्यंत कोणकोणते उपाय योजले, याचा थोडा इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे अशी शिकार बंद झाली आहे. तरीही मुक्या जनावराला शिकविताना धाकाला किती वाव द्यावा, हा प्रश्न केवळ शिकाऱ्यांचा नाही. ज्याच्या दारी कुत्रा आहे, त्या प्रत्येकाचा तो आहे.

या विद्येचा एक जुना लेखी पुरावा १५७० सालचा आहे. केंब्रिजचे वैद्य जॉन केयस यांनी स्विस निसर्गशास्त्रज्ञ गेस्नर यांच्यासाठी इंग्लंडमधील कुत्र्यांचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिले. त्यात एका कुत्र्याची हकीकत आहे. पक्ष्यांचा माग लागताच तो दबकत जातो, पोट जमिनीला टेकून बसतो आणि पंजाने जागा दाखवितो. मग पारधी पक्ष्यांवर जाळे ओढून घेतो. तेव्हा बंदुकीने उडता पक्षी टिपण्याचा प्रघात पडलेला नव्हता. कुत्रा बसला नाही तर जाळे टाकता येत नसे, आणि तो पुढे झेपावला तर पक्षी उडून जात. सेटर हे नाव या बसण्यावरूनच पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हे थांबणे माणसाने शून्यातून निर्माण केलेले नाही. कोणतेही शिकारी जनावर झडप घालण्यापूर्वी क्षणभर थबकते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो क्षण लांबविला. म्हणून पॉइंटरचे पिलू कोणी न शिकविताही वासावर थबकते. शिकवावे लागते ते पुढचे: पक्षी उडाल्यावर त्याच्यामागे न धावणे. पहिली गोष्ट रक्तात असते, दुसरी रक्ताच्या विरुद्ध असते. साऱ्या शिक्षणाची अडचण येथेच आहे.

ही अडचण जुन्या लोकांनी बहुधा जबरीने सोडविली. इंग्रजीत कुत्र्याच्या या शिक्षणाला चक्क ‘मोडणे’ असा शब्द होता. १८४८ साली हचिन्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने या विषयावर लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातही तोच शब्द आहे. आत मात्र वेगळा सूर आढळतो. पहिले धडे रानात न देता घरी व रस्त्यावर द्यावेत, हाताच्या खुणा शिकवाव्यात, चांगल्या कामाला बक्षीस द्यावे, असे ते सांगतात. चाबकाला त्यांनी पुरता फाटा दिला नाही. पण चाबूक हे शिक्षणाचे मूळ नव्हे हे त्यांनी ओळखले होते. त्या काळी लांब दोरी आणि आतून खिळे लावलेला गळपट्टा ही साधने सर्रास वापरीत. कुत्रा धावला की दोरी ताणली जाई आणि खिळे मानेला टोचत.

पुढे शर्यती आल्या. १८६५ साली इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे, आणि १८७४ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातील मेम्फिसजवळ, अशा कुत्र्यांच्या पहिल्या स्पर्धा झाल्या. १८९६ पासून अमेरिकेत राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. तीत कुत्र्याला तीन तास रान धुंडाळावे लागते आणि शिक्षक घोड्यावरून मागे असतो. असा कुत्रा शेकडो यार्ड पुढे जातो. तेथवर दोरी पोचत नाही, हाकही धड पोचत नाही. वीस-तीस फुटांच्या दोरीच्या टोकाशी आज्ञाधारक असणारे जनावर दूर टेकडीपलीकडे काय करील, याचा भरवसा कोणी द्यावा?

दुसऱ्या महायुद्धानंतर बिनतारी यंत्रे लहान होऊ लागली आणि या प्रश्नाला एक उत्तर सापडल्यासारखे वाटले. कुत्र्याच्या गळ्यात एक डबी, तिची दोन बोथट धातूची टोके केसांतून कातडीला टेकलेली, आणि शिक्षकाच्या हातात बटन. बटन दाबले की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुत्र्याच्या मानेला विजेचा झटका बसतो. ॲरिझोना राज्यात १९६८ साली स्थापन झालेल्या ट्राय-ट्रॉनिक्स कंपनीमुळे हा पट्टा शिकारी मंडळींत घरोघर पोचला. २०११ साली ती कंपनी गार्मिनने विकत घेतली. आरंभीच्या पट्ट्यांत झटक्याचे मान कमीजास्त करण्याची सोय फारशी नव्हती. पुढे ती झाली, आणि कान जरा हलेल इतक्याच सौम्य झटक्याने काम भागवावे, असे जाणते शिक्षक सांगू लागले.

त्यांचा दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. कोवळ्या कुत्र्याला आधी दोरीने ‘थांब’ हा शब्द पक्का शिकवावा, मग पट्टा वापरावा. आणि पक्ष्याच्या सान्निध्यात तर बटनाला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. याचे कारण उघड आहे. मालक दूर आहे, झटका कोठून आला ते कुत्र्याला दिसत नाही. त्या क्षणी त्याच्या नाकात पक्ष्याचा वास भरलेला असतो. तेव्हा वेदना पक्ष्यानेच दिली असा अर्थ त्याने लावला, तर त्यात त्याचे काय चुकले? असा कुत्रा पुढे वास लागूनही पक्ष्याकडे काणाडोळा करतो आणि दुसरीकडे वळतो. धावण्याची खोड मोडता मोडता कुत्रा कामातून जातो.

शास्त्रज्ञांचे प्रयोग याच मुद्द्यावर येऊन ठेपतात. २००७ साली हॅनोव्हर येथील संशोधकांनी चौदा बीगल कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना खोट्या सशाला तोंड लावताच झटका दिला, काहींना परत फिरण्याचा हुकूम न पाळल्यावर, तर काहींना वाटेल तेव्हा. शरीरावरील ताण लाळेतील कॉर्टिसॉलवरून मोजला. पहिल्या गटात तो लक्षणीय वाढला नाही. उरलेल्या दोन्ही गटांत वाढला. म्हणजे झटका कशामुळे बसला हे कुत्र्याला नेमके कळले तर तो कमी हादरतो. पण नेमके कळते केव्हा? सावजाला स्पर्श होताच. आणि पक्ष्यांच्या कुत्र्याला तर त्याच क्षणी झटका देऊन चालत नाही, कारण त्याची पक्ष्याची ओढ टिकावयास हवी. जो धडा कुत्र्याला सर्वांत स्पष्ट समजतो, तोच या कामात सर्वांत घातक ठरतो.

पट्ट्याच्या बाजूनेही पुरावा आहे. २०२४ साली ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या जॉन्सन व विन यांनी एकोणीस कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात पाठलाग सोडविण्यास पट्टा यशस्वी झाला, आणि त्याच अवधीत खाऊ देऊन शिकविलेले कुत्रे थांबले नाहीत. ही गोष्ट दडवून ठेवण्यात अर्थ नाही. उलट लिंकन विद्यापीठाच्या २०१४ सालच्या अभ्यासात त्रेसष्ट कुत्र्यांच्या तीन गटांत पट्ट्यामुळे अधिक यश आले नाही, ताणाची लक्षणे मात्र अधिक दिसली. आमच्या मते या मतभेदामागे उद्दिष्टातील फरक आहे. एखादी वस्तू कायमची टाळावयास शिकविणे निराळे आणि ज्या वस्तूची तीव्र ओढ आहे तिच्यापुढे स्थिर राहावयास शिकविणे निराळे. पहिले भीतीने साधत असेल; दुसऱ्याला भीती पुरत नाही.

काही देशांनी हा प्रश्न कायद्याने सोडविला. २००६ साली जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने असे ठरविले की, वापरणारा किती कुशल आहे हे पाहावयाचे नाही. साधनच वेदना देण्याजोगे आहे एवढे पुरे. २०१० साली वेल्सनेही बंदी घातली. अमेरिकेत पट्टा खुला आहे, तरी तेथेही स्पर्धा सुरू असताना तो वापरून कुत्र्याला ताब्यात ठेवण्याची मुभा नसते. परीक्षेच्या वेळी कुत्रा बटनावाचून थांबला पाहिजे, हे पट्टा वापरणाऱ्यांनाही मान्य आहे.

साडेचारशे वर्षांच्या या हकीकतीत साधने बदलली, अडचण बदलली नाही. दोरी वापरणाऱ्याला निदान कुत्र्याच्या जवळ राहावे लागत असे. त्याला कुत्र्याचा डोळा, कान, शेपटी दिसत असे. आपला ओढा अंमळ जास्त झाला हे त्याच्या हातालाच कळत असे. बटनाने ही जवळीक नाहीशी केली. अंगठ्याला श्रम नाहीत, म्हणून रागालाही अडथळा नाही. आम्हांला पट्ट्याचा मुख्य धोका विजेत नव्हे, या सुलभतेत दिसतो. कुत्र्याला काय समजले असेल, हा प्रश्न हचिन्सन यांच्या काळी शिक्षकाला जवळ उभे राहून विचारावा लागे. तो विचारल्याशिवाय बटन दाबता येते, एवढीच नवी गोष्ट या यंत्राने आणली आहे; आणि ज्या शिक्षकाने तो प्रश्न मनापासून विचारला, त्याला बटनाची गरज फार थोडी उरते.