बालांगिगाच्या तीन घंटा

फिलिपीन्स म्हटले म्हणजे आपल्याकडील सुशिक्षितास मॅगेलन आठवतो, मनिला आठवते, फार तर होसे रिसाल आठवतो. बालांगिगा हे नाव त्याच्या कानावरून क्वचितच गेलेले असते. सामार बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे लहानसे गाव. समोर लेयतेचे आखात आणि वस्तीच्या मध्यभागी संत लॉरेन्सचे चर्च. या गावाची जी हकीकत आम्ही आज मांडणार आहोत, ती तीन घंटांची आहे. तिच्यात पुढे आपलाही थोडा संबंध येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या मुलखात घंटेला काय मोल आहे, ते प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले तेव्हा बेटांवरील वस्ती नदीकाठी आणि समुद्रकाठी विखुरलेली होती. करवसुली आणि धर्मोपदेश या दोन्ही कामांना ती गैरसोयीची. म्हणून पाद्र्यांनी लोकांना एकत्र आणून गावे वसविली. मध्ये चर्च, पुढे चौक, भोवती रस्ते. अशा गावकऱ्यांना ‘घंटेखाली राहणारे’ म्हणत. घंटेचा नाद पोचेल तेथवर गाव, त्यापलीकडे रान! हुकूम परक्यांचा होता खरा. पण पिढ्या लोटल्या तशी घंटा गावाची झाली. जन्म, मृत्यू, सण, आग आणि दक्षिणेकडून येणाऱ्या लुटारूंच्या होड्या, साऱ्यांची वर्दी तीच देई. आपल्याकडे दवंडी, देवळातला नगारा आणि वेशीवरचा रखवालदार यांनी वाटून घेतलेली कामे तेथे तिने एकटीने केली.

१८९८ साली पॅरिसच्या तहाने स्पेनने ही बेटे दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकेच्या हवाली केली. फिलिपिनो लोकांनी त्याच वर्षी स्वातंत्र्य पुकारले होते. त्यांना कोणी विचारले नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये युद्ध जुंपले.

११ ऑगस्ट १९०१ रोजी, म्हणजे संत लॉरेन्सच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेच्या नवव्या पायदळ पलटणीची ‘सी’ तुकडी, एकूण ७४ माणसे, बालांगिगात उतरली. पहिले काही दिवस सलोख्याने गेले. पुढे कप्तानाने गाव साफ करण्यासाठी पुरुषांना वेठीस धरले. सोळा-सोळा माणसांच्या दोन तंबूंत सुमारे ऐंशी जणांना रात्रभर कोंडले, कोयते काढून घेतले, साठविलेला तांदूळ जप्त केला. वेठ म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

२८ सप्टेंबरच्या सकाळी शिपाई न्याहारीस बसले असता गावचा पोलीसप्रमुख वालेरियानो आबानादोर याने पहाऱ्यावरील शिपायाची बंदूक हिसकावली. चर्चची घंटा वाजली आणि शेकडो गावकरी कोयते घेऊन धावले. ४८ अमेरिकन मेले. काही पुरुष बायकांच्या वेषात आले होते आणि शवपेट्यांतून कोयते आणले होते, असे सांगितले जाते. अशा कथांत खरे किती आणि रचलेले किती, हे पाहण्यासाठी रोलांदो बोरिनागा यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जुने कागद आणि गावच्या आठवणी ताडून पाहिल्या. बोरिनागा हे लेयतेतील आरोग्यशास्त्राच्या विद्यालयातले प्राध्यापक. गावाचा इतिहास पुष्कळदा अशाच, पेशाने इतिहासकार नसलेल्या माणसांच्या पदरी पडतो.

दुसऱ्या दिवशी अमेरिकन कुमक आली आणि गाव जाळले गेले. त्यानंतर जनरल जेकब स्मिथ याने सामारचे ओसाड रान करण्याचा आणि हत्यार धरू शकेल अशा दहा वर्षांवरील प्रत्येकास मारण्याचा हुकूम दिला. किती माणसे मेली, याचे अंदाज दोन-अडीच हजारांपासून त्याच्या कित्येक पटींपर्यंत जातात. १९०२ साली स्मिथ लष्करी न्यायासनापुढे उभा राहिला. शिक्षा झाली ती ताकिदीची. पुढे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला सेवेतून निवृत्त केले. ‘बालांगिगाची कत्तल’ या शब्दांनी अमेरिकन ग्रंथकारांना दीर्घकाळ ४८ शिपायांची कत्तल अभिप्रेत होती. सामारच्या माणसाला तेच शब्द ऐकून आपले जळलेले बेट आठवते.

उद्ध्वस्त गावातून तीन घंटा नेण्यात आल्या. दोन अकराव्या पलटणीने १९०४ साली वायोमिंगमधील शायेनच्या छावणीत नेल्या. तिसरी, आकाराने लहान, नवव्या पलटणीबरोबर फिरत अखेर दक्षिण कोरियात पोचली. शायेनला त्या घंटा मृत शिपायांचे स्मारक झाल्या. त्या परत देणे म्हणजे मृतांचा अवमान, असे तेथील अनेक माजी सैनिकांना वाटे. हा निव्वळ दुराग्रह म्हणून उडवून लावणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. ते शिपाईही कोणाची तरी मुले होती. तथापि स्मारकाला दगड पुरतो. घंटा ओतली जाते ती वाजण्यासाठी.

येथे श्रोत्यांपैकी कित्येकांना नाशिकच्या गोदाकाठची नारोशंकराची घंटा आठवली असेल. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून आपल्या देवळांत आल्या. भीमाशंकरास एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. वसईचा संग्राम आणि सामारचा संहार एका तागडीत घालता येणार नाहीत. वसईत पोर्तुगीज हेच परके राज्यकर्ते होते आणि शरण आलेल्यांना चिमाजी आप्पांनी सन्मानाने जाऊ दिले. शिवाय आपल्या देवळांत त्या घंटा वाजत राहिल्या, हेही थोडे नव्हे. परंतु वसईच्या चर्चमध्ये जमणारे सगळेच काही पोर्तुगीज नव्हते. त्या भागातले ख्रिस्ती शेतकरी याच मातीतले. त्यांचे वंशज आजही मराठी बोलतात. विजयाची हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या शेतकऱ्याच्या कानांनी घंटा ऐकण्याची सवय मात्र आपल्याला नाही. मेणवलीच्या पायऱ्यांवर वाटाड्या विजयाची गोष्ट सांगतो, तेव्हा ती घंटा आधी कोणासाठी वाजत होती, हेही एका वाक्यात सांगितल्याने पेशव्यांच्या कीर्तीला काही उणेपणा येईल, असे आम्हाला वाटत नाही.

बालांगिगाच्या घंटांची मागणी अध्यक्ष रामोस यांनी १९९० नंतरच्या दशकात केली. २०१७ साली अध्यक्ष दुतेर्ते यांनी ती संसदेपुढे जाहीरपणे केली. वायोमिंगच्या पुढाऱ्यांचा विरोध अखेरपर्यंत होता. तरी ११ डिसेंबर २०१८ रोजी तिन्ही घंटा लष्करी विमानाने मनिलात उतरल्या. मग एक नवाच प्रश्न उभा राहिला. एक घंटा राजधानीतील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवावी, अशी सूचना सिनेटमध्ये पुढे आली. सूचना वाईट नव्हती. तेथे ती साऱ्या देशाला पाहता आली असती. बोरोंगानच्या धर्मप्रांताने तिला विरोध केला, कारण घंटा त्या चर्चच्या आणि त्या गावाच्या. परक्यांना नाही म्हणणे एक वेळ सोपे. आपल्याच राजधानीला नाही म्हणण्यास अधिक बळ लागते.

१५ डिसेंबरला तिन्ही घंटा गावाच्या स्वाधीन झाल्या. भाषणे पुष्कळ झाली, ती आम्ही सोडून देतो. नाताळाआधी त्या देशात नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थना होतात. वेळ साधारण आपल्या काकडआरतीची. त्या नवांतली पहिली पहाट १६ डिसेंबरची. त्या अंधारात, ११७ वर्षांनी, घंटेने बालांगिगाला प्रार्थनेसाठी उठविले.